कुठवर आलो?

बायकांना दिशा कळत नाहीत, असं म्हणायची एक पद्धतच पडली आहे. गाडीत बसलं की रस्ता पुरुषाने बघायचा आणि डबे, पाण्याच्या बाटल्या, झोपलेली मुलं बाईने सांभाळायची. मला तर वाटतं, दिशा सगळ्यांत जास्त बाईच्याच अंगवळणी पडलेल्या असतात. देवघर ईशान्येला, चूल आग्नेयेला, धान्याची कोठी नैर्ऋत्येला, हे घरात कोण लक्षात ठेवतं? पापड वाळत घातले की ऊन कुठून कुठे सरकणार, कुठली खिडकी उघडली की गॅसची ज्योत फडफडणार, पावसाची झड कुठल्या भिंतीला ओल आणणार, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. वायव्य या नावात तर वायूच बसलेला आहे. आठही दिशा आपल्या घरात नांदत असतात. फक्त त्या अंशांत मोजायला आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी ते यंदा शिकले, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. उत्तर शून्य, ईशान्य ४५, पूर्व ९०, आग्नेय १३५, दक्षिण १८०, नैर्ऋत्य २२५, पश्चिम २७०, वायव्य ३१५. आणि पुन्हा उत्तरेला आलं की ३६०. डब्यांच्या फडताळाला आतून कागद चिकटवला आणि कणीक मळता मळता पाठ केलं. कारण येत्या फेब्रुवारीत भोपाळच्या मोठ्या तलावात शिडाच्या होडीतून जायचं ठरलं आहे. सुकाणू मुलगी धरणार, आणि वाट सांगायचं काम माझ्याकडे.

मैत्रिणी म्हणाल्या, "तू? आणि पाण्यात?" त्यांचं तरी काय चुकलं! बैहरच्या माणसाला जंगल माहीत. मुक्कीच्या फाटकातून कान्हात शिरणारे प्रवासी, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीकडे जाणारे ट्रक, आठवडी बाजारात मोहाची फुलं आणि चारोळी घेऊन बसलेल्या बैगा बायका, हे आमचं रोजचं. तलाव म्हणजे शिंगाडे आणि म्हशी. शिडाची होडी इथे कुणी कॅलेंडरशिवाय पाहिलेली नाही.

खरं कारण सांगायचं तर ते होडीचं नाहीच, डोळ्यांचं आहे.

लग्न होऊन १९९३ साली मी कारंज्याहून इथे आले. गोंदियापासून छोट्या लाईनची गाडी बालाघाटपर्यंत आणि पुढे घाट चढून बैहर. तेव्हापासून आमच्याकडची गाडी ह्यांनीच चालवली. आधी स्कूटर, मग जुनी जीप, मग चारचाकी. कापडाचं दुकान असल्यामुळे नागपूर, गोंदिया, जबलपूर अशा फेऱ्या कायमच्या. मला किंवा मुलांना डुलकी लागली आणि आम्ही दचकून "कुठवर आलो?" विचारलं, की हे समोर बघत अचूक सांगायचे, "उकवा गेलं, आता घाट." तीस वर्षं हा प्रश्न आम्ही विचारला आणि उत्तर ह्यांनी दिलं.

चार वर्षांपूर्वी ह्यांचा पाय पायरीच्या कडेवरून सटकायला लागला. बाजूने आलेला माणूस दिसायचा नाही. समोरचं मात्र स्वच्छ दिसे, पेपर वाचता येई, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. नागपूरला डोळे तपासले तेव्हा काचबिंदू निघाला. डोळ्याच्या आतला दाब वाढून मागची नस हळूहळू मरते, आणि नजर बहुधा कडांनी जायला सुरुवात होते. दुखत नाही, लाल होत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब वेळेवर घातले तर उरलेली टिकवता येते. (बायांनो, चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्याचा दाबही मोजून घ्या. आणि घरात आधी कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच घ्या.) गेल्या वर्षी डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. ह्यांनी घरी येऊन किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली. ती अजून तिथेच आहे.

त्यानंतर माणूस बाहेर पडेनासा झाला. दुकान भाच्याने सांभाळलं. संध्याकाळचं देवदर्शन बंद झालं, कारण परतताना अंधार व्हायचा. बसने बालाघाटला जायचं म्हटलं तरी नको म्हणत. एकदा नाइलाजाने गेलो तेव्हा खिडकीशी बसून हे हळूच म्हणाले, "अगं, कुठवर आलो?" हा प्रश्न ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी बाहेर पाहिलं आणि सांगितलं, "घाट उतरतोय, सागाची झाडं संपत आली." तेवढ्यानेही ह्यांचा चेहरा सैल झाला.

मुलगी भोपाळला नोकरी करते. दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी तिथल्या एका क्लबात शिडाची होडी चालवायला शिकते. दिवाळीला आली तेव्हा ती बापाला म्हणाली, "बाबा, होडीत डोळ्यांपेक्षा कान आणि गाल जास्त लागतात. वारा कुठून येतोय ते गालाला कळतं." मग तिने सांगितलं की जगात अंध माणसांच्या शिडाच्या शर्यती होतात. सुकाणू न दिसणाऱ्या माणसाच्या हातात असतं, आणि शेजारी बसलेला डोळस साथीदार वाट सांगत असतो. हे गप्प ऐकत होते. "मग वाट कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. "आईचा बी.ए.ला भूगोल होता ना?"

होता खरा. नकाशे वाचायचं प्रॅक्टिकलही होतं. समोच्च रेषा जवळ जवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की सपाटी, एवढं डोक्यात राहिलं होतं. पुढची तीस वर्षं मात्र नकाशा म्हणजे मुलांच्या शाळेचा, रंगीत पेन्सिलींनी भरायचा.

मुलीने भोपाळच्या तलावाचा नकाशा पाठवला, एकास पन्नास हजार प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. मोठा तलाव पूर्ण भरला की साधारण ३१ चौरस किलोमीटर पसरतो. मी हिशेब केला, या प्रमाणात तो कागदावर १२४ चौरस सेंटिमीटर भरतो. आपलं पोस्टकार्ड तेवढंच असतं, १४ गुणिले ९! अख्खा तलाव एका पोस्टकार्डात मावतो, हे कळल्यावर माझी निम्मी धडधड थांबली.

तलावही साधासुधा नाही. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून तो बांधला, असं मानतात. हजार वर्षं झाली, आणि आजही भोपाळच्या कितीतरी घरांत त्याचंच पाणी येतं. २००२ साली भोज पाणथळ म्हणून त्याची रामसर यादीत नोंद झाली. दक्षिणेच्या काठाला वनविहार आहे, पाण्याकाठी उभा असलेला राजा भोजाचा पुतळा आहे, मध्येच तकिया नावाचं छोटं बेट आहे, त्यावर दर्गा आहे. भदभदा धरणाचे दरवाजे उघडले की सगळं शहर बघायला जातं. वाट सांगणारीच्या दृष्टीने या सगळ्या खुणा. पाण्यावर मैलाचे दगड नसतात, त्यामुळे काठावरच्या गोष्टीच धरून चालावं लागतं.

या तलावाने मध्य प्रदेशच्या मुलींना किती दूर नेलं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. हर्षिता तोमर, आमच्या नर्मदाकाठच्या होशंगाबादची मुलगी, २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत सोळाव्या वर्षी कांस्यपदक घेऊन आली. नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत तिने रौप्यपदक मिळवलं. दोघी याच तलावात शिकल्या. ज्या राज्याला समुद्र नाही, तिथल्या या मुली! हर्षिता ज्या होडीत बसली तिचं नाव लेझर ४.७, कारण तिच्या शिडाचं क्षेत्रफळ ४.७ चौरस मीटर असतं. नेहाची होडी तीच, फक्त नाव बदललेलं.

हे वाचलं आणि मी कपाटातून एक सहावारी काढून मोजली. साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरला थोडा कमी पन्हा. सहा चौरस मीटरांच्या वर भरली. म्हणजे ज्या शिडाने आशियात पदक आणलं, ते माझ्या साडीपेक्षा लहान! ओली साडी गच्चीवर वाळत घालताना वारा आला की ती कशी हिसका देते, चिमटा सुटला तर कशी अंगावर येते, हे आपल्यापैकी कुणाला सांगावं लागेल? शिडाचं पहिलं शिक्षण आपलं झालेलंच आहे.

ह्यांना मी ते सांगितलं तेव्हा ह्यांनी वेगळंच विचारलं, "शिडाचं कापड कुठलं असतं?" मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "डेक्रॉन. पॉलिएस्टरच, बाबा." हे हसले. "म्हणजे आपल्या टेरिलीनचं भावंड!" पस्तीस वर्षं कापड बोटांनी ओळखलेला माणूस. पॉपलीन, केंब्रिक, मलमल, अंधारातही चिमटीत धरून सांगतील. मुलगी म्हणाली, शीड सैल पडलं की फडफडतं, दोरी ओढली की आवाज थांबतो, आणि जिथे तो थांबतो तिथेच धरून ठेवायचं असतं. यात नजरेचं काम फार नाही. पुढच्या छोट्या शिडाची दोरी बाबांच्या हातात द्यायची, असं त्या दोघांचं फोनवरच ठरून गेलं. कित्येक महिन्यांनी ह्यांचं बोलणं दहा मिनिटांच्या वर गेलं होतं.

माझा अभ्यास मग जोरात सुरू झाला. होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जावं लागतं, जसा घाट वळणं घेत चढतो. त्यामुळे समोर दिसणारं एक किलोमीटर प्रत्यक्षात जवळजवळ १.४ किलोमीटर होतं. जायला लागलेला वेळ आणि यायला लागणारा वेळ सारखा नसतो. हलक्या वाऱ्यात छोटी होडी माणसाच्या चालीने जाते. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. परतीचा कोन हवा असेल तर जाण्याच्या कोनात १८० मिळवायचे किंवा वजा करायचे. ६० ने गेलो तर २४० ने परत.

वारा मोजायची पट्टी इंग्रजांच्या आरमारातल्या ब्यूफर्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८०५ मध्ये केली, शून्यापासून बारापर्यंत. ती मला फार आवडली, कारण ती घरातून दिसते. पानं सतत हलतात आणि हलका झेंडा ताणला जातो तो तीन नंबरचा वारा. धूळ आणि कागदाचे कपटे उडतात तो चार नंबरचा. मुलीने बजावलं आहे की आपण तिनावर जायचं, चारला काठावर चहा प्यायचा. मी रोज सकाळी अंगणातल्या कडुनिंबाकडे बघून वहीत आकडा लिहिते. बैहरचा वारा थंडीत बहुतेक एक किंवा दोनच असतो.

आपण कुठे आहोत हे काढायची रीत तर इतकी सोपी आहे की मला नवल वाटलं. काठावरच्या दोन खुणा निवडायच्या. दोघींकडे होकायंत्र धरून कोन घ्यायचे. मग नकाशावर त्या खुणांपासून उलट्या कोनाच्या रेघा ओढायच्या. जिथे रेघा एकमेकींना कापतात, तिथे आपण. एक खूण पुरत नाही, ती फक्त रेघ देते. दुसरी लागतेच. गच्चीवर मी देवळाचं शिखर आणि मोबाईलचा टॉवर धरून सराव केला. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ गेलं की सुई भलतीकडे वळते, मोबाईल शेजारी ठेवला तरी वळते, हेही तिथेच कळलं. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, पण आपल्या मध्य भारतात तो एका अंशाहूनही कमी आहे. एवढ्याला तर पोळीही गोल होत नाही.

ह्यांना सांगायचं कसं, हा वेगळाच प्रश्न होता. "तिकडे बेट दिसतंय" म्हणून काय उपयोग? तिकडे म्हणजे कुठे? त्यावर घड्याळाची युक्ती सापडली. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, पाठीमागे सहा, डाव्या हाताला नऊ. एकेक तास म्हणजे तीस अंश. सराव ताटावर केला. आपलं ताट मुळात नकाशाच आहे. मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, हे आपल्या सासवांनी ठरवून ठेवलेलं. मी वाढताना म्हणायला लागले, "अहो, मीठ बाराला, भाजी दोनला, वरणाची वाटी तीनला, कोशिंबीर दहाला." पहिल्या दिवशी ह्यांना राग आला, "मी काय अगदीच आंधळा झालो का?" मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वाटीला धक्का लागला नाही, वरण सांडलं नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच विचारलं, "आज पापड किती वाजता?"

खरी अडचण सासूबाईंची होती. वय ब्याऐंशी. पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाहीत. त्या म्हणाल्या, "ज्याला दिसत नाही आणि जिला पोहता येत नाही, ती दोघं पाण्यात कशाला? आणि मौजेसाठी पाण्यातल्या जीवांना त्रास तो कशाला?" उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं की या होडीला इंजिन नसतं, तेल नाही, धूर नाही, पंखा नाही, नुसत्या वाऱ्यावर चालते. त्या ऐकून गप्प राहिल्या. दोन दिवसांनी सामायिक आटोपल्यावर त्यांनीच हाक मारली. "मर्यादा किती घेणार?"

मला लगेच कळलं त्या कशाबद्दल बोलताहेत. आपल्या श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण कुठवर जाणार याची हद्द आधी ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. ती हद्द वाऱ्यावर सोडायची नसते. नदी, डोंगर, जंगल, गाव अशा माहीत असलेल्या खुणांनी बांधायची, असं रत्नकरंडकात सांगितलं आहे. आणि आजच्या दिवसापुरती, तासापुरती लहान हद्द घ्यायची ते देशव्रत. सासूबाई दर चातुर्मासात वैनगंगेच्या अलीकडची मर्यादा घेतात. मुलीने फोनवर ज्याला "सेल प्लॅन" म्हटलं होतं ते याहून वेगळं नाही: कुठून निघणार, कुठल्या खुणेपर्यंत जाणार, किती वाजता परतणार, आणि काठावर कुणाला सांगून ठेवणार. दहा दिशांत वर आणि खालीही येतात. मला आधी वाटायचं, माणसाला त्या कशाला? होडीत त्याही लागतात. वर आभाळ, ढग कसे येतात ते बघायला. खाली पाणी किती खोल आहे, दगड कुठे आहेत ते बघायला.

"तकिया बेटाच्या पुढे जाऊ नका," सासूबाईंनी नकाशावर बोट ठेवून हद्द घातली, "आणि दिवस मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे." मुलगी म्हणाली, "आजी, आमच्या सरांचाही हाच नियम आहे. चारनंतर पाण्यात राहायचं नाही." दोघींचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

पाण्याची भीती मात्र नकाशाने जात नाही. माझ्या लहानपणी शेजारची एक मुलगी तळ्यात बुडाली होती. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुलींना पाण्याला बंदी झाली. मुलं पोहायला शिकली, आम्ही काठावर कपडे धरून उभ्या राहिलो. बुडण्याचं भय दोघांनाही सारखंच होतं, पण मुलांना त्यावर पोहणं शिकवलं आणि आम्हाला लांब राहणं. मुलीने लाईफ जॅकेट कुरिअरने पाठवलं. ते घरात घालून काय कळणार? ओळखीच्यांच्या शेतालगत एक तलाव आहे. तिथला मासेमार मोहाच्या खोडाचा कोरलेला जुना डोंगा वापरतो. तिथे धाकटी जाऊबाई आणि मी गेलो. मासे आमच्या घरी चालत नाहीत हे त्याला माहीत, म्हणून तो जाळं काठावर ठेवूनच आला. "बाई, मधात बसा. उभ्या नोका राहू. अंग जेवढं खाली, तेवढा डोंगा शांत." पुस्तकात लिहिलेलं सगळं त्याने तीन वाक्यांत सांगितलं.

मग कंबरभर पाण्यात, जाऊबाईंचा हात धरून, मी जॅकेट घालून पाय उचलले. अंग आपोआप वर आलं. कान पाण्यात, तोंड आभाळाकडे. जाऊबाई काहीतरी ओरडत होत्या ते ऐकू येत नव्हतं. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा पाण्याने मला धरलं होतं. जॅकेटचा खालचा पट्टा मात्र घट्ट बांधावा लागतो, नाहीतर ते वर सरकून हनुवटीशी येतं. ह्यांच्या जॅकेटचा पट्टा मीच बांधणार, हे मी तेव्हाच ठरवलं. होडी उलटली तर पोहत काठाकडे निघायचं नाही, होडीला धरून राहायचं, हा नियम आम्ही दोघांनी एकमेकांकडून म्हणवून घेतला आहे.

गाठी शिकणं सगळ्यांत सोपं गेलं. निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक नाडी बांधणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतो. दोरीच्या टोकाला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ मारतात, म्हणजे ती कडीतून निसटत नाही. पण शिडाची दोरी छोट्या होडीत कधीही निरगाठीने बांधून टाकायची नसते, हातातच धरायची असते. वाऱ्याचा मोठा झोत आला आणि होडी कलायला लागली तर दोरी सोडायची. शीड फडफडतं, वारा निघून जातो, होडी सरळ होते. आपण संसारात उलटं शिकलेल्या, की संकट आलं की दोरी अजून घट्ट आवळायची. हे माझ्या हातांना शिकवायला वेळ लागतो आहे. हे दोरी ओढतात आणि मी "सोडा!" म्हणते, असा सराव आम्ही पलंगाच्या खांबाला दोरी लावून करतो. सासूबाई आतल्या खोलीतून हसतात.

आणि बसने बालाघाटला जाणं सुरू झालं. ह्यांना खिडकीशी बसवायचं आणि मी शेजारून सांगत जायचं. बैहरहून बालाघाट नैर्ऋत्येला, म्हणजे सकाळच्या बसमध्ये ऊन डाव्या कुशीला आणि पाठीला येणार. "आता उकवा. मँगनीजच्या खाणीचे ट्रक नऊला उभे आहेत. घाट लागला. दरी दोनला." पहिल्या फेरीत मी जे दिसेल ते सगळंच सांगत सुटले. हे म्हणाले, "इतकं नको. मला रस्ता आठवतो. फक्त खुणा सांग, मधलं मी भरतो." वाट सांगणारीने किती बोलावं हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. आता मी कमी बोलते. कधी कधी तर ह्यांनीच आधी म्हणावं, "गांगुलपारा आलं ना?" आणि ते आलेलं असावं. घाटाच्या वळणांवरून, गाडीच्या गिअरवरून त्यांना कळतं.

मोठ्या गोष्टी आपल्या देशाच्या बायकांनी केल्याच आहेत. नौदलाच्या सहा अधिकारी स्त्रिया 'तारिणी' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून २०१७ च्या सप्टेंबरात निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २०१८ च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. पुढे २०२४-२५ मध्ये दोघीच, दिलना आणि रूपा, त्याच बोटीतून जग फिरून आल्या. त्यांच्या पुढे आमची तकिया बेटाची फेरी म्हणजे अंगणातली प्रदक्षिणा. पण त्यांनाही पहिल्या दिवशी कुणीतरी उत्तर कुठे ते दाखवलंच असेल.

सामानाची यादी झाली आहे. नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत, कारण ओला झाला की नकाशा राहत नाही. होकायंत्र गळ्यात. दोन शिट्ट्या. ह्यांच्या चष्म्याला दोरी. टोप्या. सुती ओढणी नाही, ती अडकते. मी पंजाबी ड्रेस शिवून घेतला आहे, बिनओढणीचा, आणि त्यावर गावात फार चर्चा झाली. डोळ्यांचे थेंब, सकाळी आठ आणि रात्री आठ, प्रवासात चुकवायचे नाहीत. डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. डोकं खाली घालून वाकणं आणि जड ओढणं टाळा, बाकी खुशाल जा, असं ते म्हणाले. म्हणून नांगर मुलगी उचलणार. डब्यात दशम्या आणि तिळाची चटणी.

वारा तीनच्या वर असेल तर जायचं नाही, हे पक्कं आहे. तसं झालं तर काठावर बसून ह्यांना खुणा सांगायच्या आणि पुढच्या रविवारची वाट बघायची. मुलीने तिकिटं आठ दिवसांची काढली आहेत, ती याचसाठी.

काल संध्याकाळी जेवणं लवकर आटोपली. हे म्हणाले, "चल, दर्शनाला जाऊन येऊ." बाहेर अंधारून येत होतं. मी टॉर्च घेतली. कोपऱ्यावर गटाराचं झाकण उघडं होतं. "अहो, अकराला खड्डा, एकने चला," मी म्हटलं. हे एकने चालले.